आईला पेशंट नको, पहारेकरी कर

‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत आईचा कोरोना पॉझिटिव्ह आला. वय ६६. ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकही नाही. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेही. आईला आतल्या खोलीत ठेवलंय. दर तासाला तिचा ऑक्सिजन बघते, रात्रीही उठवून. काल तिनं गार पाण्यानं हात धुतल्यावर बघितला तर ९१! माझे हातपायच गळाले. दहा मिनिटांनी ९७. खरा कुठला? आई चिडलीय. म्हणते, धडधाकट बाईला पोटच्या पोरीनं वाळीत टाकलं. दादा लांबून औषधांच्या याद्या पाठवतोय. माझं चुकतंय का?’
– दारापाशी बसलेली

दारापाशी बसलेल्या लेकी,

आधी त्या ९१ चा निकाल लावू. तुझं सगळं पत्र त्याच धक्क्यात लिहिलेलं दिसतंय. ऑक्सिमीटर बोटातून उजेड आरपार सोडतो आणि रक्त तो किती शोषतं त्यावरून आकडा काढतो. बोट गारठलं की तिथं रक्त कमी पोचतं आणि यंत्र काहीबाही दाखवतं. खरा तो ९७. आईला पाच मिनिटं शांत बसव, तळवे चोळून ऊब आण, नखाला रंग असेल तर काढ, हात हलू देऊ नकोस आणि आकडा स्थिरावल्यावरच वाच. दिवसातून दोन-तीनदा, बस्स. झोपेतून उठवून मोजायचं आजपासून बंद. त्यात दोघींची झोप जाते, हाती काही लागत नाही.

नीट मोजूनही आकडा ९४ च्या खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली गेला तर थेट हॉस्पिटल. धाप लागली, छातीत दुखायला लागलं, बोलणं असंबद्ध झालं, ओठ निळसर दिसले किंवा हाका मारूनही जाग येईना, तर मात्र आकडा कितीही छान असो, वाट बघायची नाही.

आता आईचं. ती म्हणते तेही खोटं नाही. तिला काही होत नाहीये आणि तू तिला आजारी ठरवून बसली आहेस. कोणाला राग येणार नाही? पण लक्षणं नसलेला माणूसही विषाणू पसरवू शकतो. त्या बंद दाराआड तू आईला जपत नाहीयेस, बाबांना जपते आहेस. हे तिला सांगितलंस का कधी? पत्रावरून तरी वाटत नाही. ‘आई, तू आराम कर’ म्हणालीस की ती उसळणारच. ‘आई, बाबांपर्यंत हे पोचू द्यायचं नाही, तुझी मदत हवी’ असं म्हणून बघ. खिडकी उघडी ठेवायची, खोलीबाहेर पडताना मास्क लावायचा, बाथरूम एकच असेल तर शेवटी जायचं आणि तिथला पंखा चालू ठेवायचा, हे सगळं तिच्याकडे सोपव. आकडेही तिनंच वहीत लिहावेत. तू खोलीत जाशील तेव्हा दोघींच्या तोंडावर मास्क हवा, तुझा शक्यतो एन-९५. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, त्यामुळे दाराच्या कड्या पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेव. भांडी, कपडे नेहमीच्या साबणानं स्वच्छ होतात.

किती दिवस? लक्षणं नसतील तर पाच दिवस वेगळं राहावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. मी तुझ्या जागी असते तर बाबांसाठी मास्क दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवला असता. मध्येच ताप-खोकला सुरू झाला तर त्या दिवसापासून दहा दिवस नव्याने मोजायचे. आज लक्षणं नाहीत म्हणजे परवाही नसतील असं नाही, म्हणून तर वही. बाबांना नुसती कणकण वाटली तरी त्याच दिवशी तपासणी आणि डॉक्टर. विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत घ्याव्या लागतात, उशिरा त्यांचा उपयोग नाही.

दादाच्या यादीत अँटिबायोटिक असेलच, नेहमी असतंच! विषाणूवर ते चालत नाही. स्टेरॉइड तर मुळीच नको. २०२० च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजन लावलेल्यांचे जीव वाचले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. दादाला म्हणावं, औषधं राहू देत, रोज संध्याकाळी आईशी अर्धा तास बोल. लांबून त्याला खरंच जमण्यासारखं तेवढंच आहे, आणि तेच तिला हवंय.

उरलं ऑपरेशन. निगेटिव्ह रिपोर्टच्या मागे लागून पुन्हा पुन्हा आरटी-पीसीआर करू नकोस. संसर्ग संपल्यावरही विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडत राहतात. पुढची तारीख डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील. त्यांना फोन आईलाच करू दे. डोळे तिचे आहेत.