लहान खोलीसाठी घरगुती हवाशुद्धक

प्रश्न : आमच्या दहा बाय दहाच्या खोलीला लागूनच इमारतीचे बांधकाम चालू आहे आणि हिवाळ्यात धुळीचा फार त्रास होतो. टेबल फॅनच्या जाळीला फिल्टर बांधून काम भागेल का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : थोडेफार भागेल, परंतु तो मार्ग मी सुचवणार नाही. टेबल फॅन मोकळी हवा ढकलण्यासाठी केलेला असतो. दाट विणीचा फिल्टर समोर आला की त्याचा दाब अपुरा पडतो, बरीचशी हवा कडेच्या फटींतून निसटते आणि मोटरही तापू शकते. यावरचा सुटसुटीत उपाय अमेरिकेतील पर्यावरण अभियंते रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर उत्पादक जिम रोझेन्थल यांनी 2020 मध्ये, कोविडच्या काळात पुढे आणला. चार-पाच फिल्टरांचा खोका करून त्यावर एकच चौकोनी पंखा बसवला, की फिल्टरचे क्षेत्रफळ वाढते, हवेला होणारा अडथळा कमी होतो आणि साधा पंखाही पुरतो.

आपल्या खोलीत तो वीस इंची खोका अडचणच करील, म्हणून तत्त्व तेच ठेवून आकार लहान करावा. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना फिल्टर बसवावेत, त्यांवरील हवेची दिशा दाखवणारे बाण आतल्या दिशेला असावेत. तिसऱ्या बाजूला संगणकाचे 120 मिलिमीटरचे चार पंखे हवा बाहेर फेकतील असे लावावेत आणि ते 12 व्होल्टच्या, पुरेशा अँपिअरच्या अडॅप्टरवर चालवावेत. सगळे सांधे चिकटपट्टीने काटेकोरपणे बंद करावेत, कारण बोटभर फट राहिली तरी हवा फिल्टर टाळून तिथूनच आत शिरते.

फिल्टर ‘हेपा’ या अतिसूक्ष्म कण गाळणाऱ्या दाट प्रकारचाच हवा, हा आग्रह मात्र सोडावा. हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो हे खरे. पण त्यातून मिनिटाला 30 घनफूटच हवा जात असेल, तर शुद्ध हवाही साधारण तेवढीच मिळते. याउलट निम्मेच कण अडवणाऱ्या फिल्टरमधून 100 घनफूट हवा गेली, तर तिचा परिणाम 50 घनफूट शुद्ध हवेइतका होतो, आणि खोलीतली हवा तर पुनःपुन्हा फिरतच असते. नऊ फूट उंचीच्या आपल्या खोलीत 900 घनफूट हवा आहे. ती तासाला पाच वेळा स्वच्छ व्हावी असे वाटत असेल, तर मिनिटाला 75 घनफूट शुद्ध हवा लागेल. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, फिल्टर लागल्यावर तो बराच घटतो; म्हणूनच चार पंखे सांगितले.

यंत्र चालू असताना बांधकामाकडची खिडकी बंद ठेवावी आणि काम थांबल्यावर ती थोडा वेळ उघडावी, कारण हा खोका कार्बन डायऑक्साइड किंवा गॅस शेगडीतून निघणारे वायू शोषत नाही. खोलीत रोज डासांची कॉइल जळत असेल, तर आधी ती बंद करावी. धूर करायचा आणि मग तो गाळत बसायचे, हा उपद्व्याप कशाला? फिल्टर धुऊ नये. तो काळवंडला आणि वारा मंदावला, की बदलावा.