मिनेसोटात गेल्यावर ओवाटोनाची जुनी बँक पाहायला मुद्दाम जावं का?

तुम्ही विचारलंय की मुलाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला जाणार आहात, तर ओवाटोनासारख्या लहान गावातल्या बँकेच्या जुन्या इमारतीसाठी एक दिवस खर्च करावा का. अवश्य करा. मी पुण्यात एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. मुलीकडे गेलो होतो तेव्हा ही इमारत पाहिली आणि अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मिनियापोलिसहून दक्षिणेला साधारण १०५ किलोमीटर, सरळ हायवे. शनिवार-रविवार मात्र टाळा. मी गेलो तेव्हा आत बँकेचं रोजचं काम चालू होतं, त्यामुळे कामकाजाची वेळ आधी बघून घ्या. नुसतं बाहेरून पाहून परत येऊ नका.

बाहेरून ती एक भरभक्कम चौकोनी पेटीच दिसते. खाली तांबूस दगडाचं जोतं, वर विटा, आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना ३६ फूट रुंदीची एकेक कमान, रंगीत काचांनी भरलेली. वरच्या कोपऱ्यांकडे मान वर करून बघा. भाजलेल्या मातीची पानं एकमेकांत अशी गुंतलीत की एका पानाचं टोक धरून नजर फिरवली, तर ते कुठे संपतं ते सापडत नाही.

शिकागोच्या उंच इमारतींमुळे नावाजलेल्या लुई सलिव्हन या वास्तुकाराने ही बँक बांधली, १९०८ मध्ये. नक्षीचा मोठा वाटा त्याचा सहकारी जॉर्ज एल्म्सली याचा. बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट संगीतातले जाणकार. त्यांनी सलिव्हनचा एक लेख वाचला आणि त्यालाच बोलावून घेतलं.

आत शिरलात की दोन मिनिटं दाराशीच उभे राहा. काचांतून हिरवट-सोनेरी उजेड उतरतो, जसा दाट आमराईत उतरतो. बिडाचे चार प्रचंड दिवे टांगलेत, एकेक सव्वादोन टनांचा. आणि भिंतीवर चित्र कसलं, तर कुरणात चरणाऱ्या गाईंचं! इथे मला भरून आलं. या बँकेचे खातेदार शेतकरी आणि दूधवाले. ज्यांचे पैसे, त्यांचंच रोजचं काम बँकेने एवढ्या मानाने भिंतीवर रंगवलंय. मी उभा होतो तेव्हा टोपी घातलेले एक आजोबा चेक भरून, पावती घडी करून खिशात ठेवून निघून गेले. वर बघितलंसुद्धा नाही. लहानपणी विश्रामबागवाड्यातल्या पोस्टात तिकिटं आणायला जायचो, तेव्हा सुरूच्या खांबांकडे मी तरी कुठे बघत होतो? इतकी देखणी वास्तू रोजच्या वापरात असणं, हेच मला तिचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

१९२४ मध्ये सलिव्हन हलाखीत वारला, १९२६ मध्ये बेनेट यांची बँक बुडाली आणि पुढे या इमारतीत दुसरी बँक आली. १९४० मध्ये आत बरीच मोडतोड झाली, ती पुढे निगुतीने सावरली गेली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने ही इमारत १८ सेंटच्या तिकिटावर छापली.

फोटो काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. मला आनंदाने परवानगी दिली. मग समोरच्या बागेत जाऊन बसा. अख्खी कमान तिथूनच नजरेत मावते.