घरी बनवलेल्या लाकडी मशीनवर फिंगर जॉइंट आणि डव्हटेल अचूक कापता येतात का, की विकतचा जिग (काप ठरल्या जागीच पडावा म्हणून वापरायचं साधन) घ्यावा?

फिंगर जॉइंट, म्हणजे फळ्यांच्या टोकांना चौकोनी दाते कापून ते एकमेकांत बसवायचा सांधा, म्हणाल तर हो, बिनधास्त घरी मशीन बनवा. डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या तिरक्या दात्यांचे सांधे, तेसुद्धा कापता येतात, पण त्यासाठी खास मशीन बनवायला बसण्याआधी जरा थांबा, त्याबद्दल पुढे लिहितो. तुमच्या प्रश्नातलं "लाकडी मशीनमध्ये अचूकता येते का" हे वाक्य मात्र मला झोंबलं. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, तेव्हा थोडं लांबण लागणार.

दादाने उभं आयुष्य लेथवर काढलं. हात सोन्याचा, डोळा त्याहून तयार. पण त्याच्या लेखी जगात दोनच पदार्थ आहेत: बीड आणि पोलाद. मी टेबल सॉसाठी (टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीसाठी) स्क्रूवर सरकणारी गाडी बनवायला घेतली, तेव्हा प्लायचा सांगाडा बघूनच तो म्हणाला, "अरे, लाकडाला मायक्रॉन कळत नाही. दमट हवेत फुगेल, कोरड्या हवेत आकसेल. कशाला वेळ घालवतोस?"

मशीन साधंच आहे. खाली एक स्लेड, जी टेबलाच्या खोबणीत पुढेमागे चालते. स्लेडवर एक गाडी, जी पात्याला आडवी, डावीकडून उजवीकडे सरकते. फळी या गाडीवर उभी बांधायची, टोक खाली. गाडीला एक नट, त्यातून एम१० चा आट्यांचा रॉड, रॉडच्या टोकाला हँडल. हँडलचा एक फेरा म्हणजे गाडी १.५ मिमी पुढे, कारण एम१० च्या नेहमीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तेवढाच असतो. गाडी आणि स्लेडच्या कडेमध्ये एक लांब, मऊ स्प्रिंग, जी गाडीला कायम एकाच बाजूला ओढून धरते.

या स्प्रिंगवरूनच सगळं रामायण झालं.

मशीन तयार झाल्यावर दादा डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मोजमापाचं हत्यार) घेऊन आला. गेजचा चुंबकी स्टँड लाकडाला चिकटेना, म्हणून त्याने मध्ये लोखंडी पट्टी टाकली. पट्टीच्या आड स्प्रिंग येत होती, तर ती हुकातून काढून बाजूला ठेवली. मग गाडी हाताने डावीकडे ढकलली, उजवीकडे ढकलली. काटा ०.२ मिमी इकडे, ०.२ तिकडे. "बघ," पोरांसमोर म्हणाला, "खेळणं छान झालंय." मी म्हणत होतो, दादा, स्प्रिंग लाव आणि मग मोज. त्याचं उत्तर ठरलेलं, "स्प्रिंग लावून मशीन सुधारत नसतं. काटा काय म्हणतो ते बघ." आणि गेज पेटीत घालून निघून गेला.

आता तुम्हीच सांगा, नट आणि आट्यांमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, कुठल्या मशीनला नसतो? त्याच्या स्वतःच्या लेथच्या क्रॉस स्लाइडला (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाला) आहे. म्हणूनच लेथवाला डायल नेहमी एकाच दिशेने फिरवून आणतो, आणि पुढे गेला तर अर्धा-एक फेरा मागे येऊन पुन्हा पुढून गाठतो. जी शिस्त तो रोज पाळतो, तीच माझ्या मशीनमध्ये स्प्रिंग पाळते. प्ले तिथेच आहे, पण सगळा एका अंगाला दाबलेला. पाती कापताना गाडीला आडवा जोर फार थोडा देतात, स्प्रिंगची ओढ त्याहून पुष्कळ जास्त. गाडी हलायची कुठून?

लाकूड फुगण्याचा मुद्दाही तसाच. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, रेषेच्या लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायमध्ये तर थर एकमेकांना धरून ठेवतात. शिवाय इथे अंतर मोजतोय कोण? पोलादी रॉड. सांगाडा वर्षभरात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी दोन खाचांमधल्या अंतराला त्याचा पत्ताही लागत नाही. एक पेटी एका बैठकीत कापली जाते, तेवढ्या वेळात कुठलंही लाकूड फुगत नाही. अचूकता स्क्रूत असते, सांगाड्याने फक्त त्या वेळेपुरतं ताठ उभं राहायचं असतं. हे मी दादाला निरनिराळ्या शब्दांत सांगून दमलो.

प्रत्यक्ष हिशोब सांगतो, कारण लोक इथेच घोळ घालतात. समजा ६ मिमीचे फिंगर हवेत आणि तुमचं पातं ३.२ मिमीची चीर पाडतं. एक खाच आणि एक फिंगर मिळून १२ मिमी, म्हणजे बरोबर ८ फेरे. खाच दोन कापांत होते. पण खाच नेमकी ६ आणि फिंगरही नेमकं ६ ठेवलं तर सांधा कोरडाच मोगरीने ठोकावा लागेल, आणि ग्लू लावल्यावर तर बसणारच नाही, कारण पांढऱ्या ग्लूतलं पाणी लाकूड पिऊन फुगतं. म्हणून खाच ६.०५ आणि फिंगर ५.९५ धरा. पहिला काप झाल्यावर गाडी ६.०५ वजा ३.२, म्हणजे २.८५ मिमी सरकली पाहिजे. ते झाले १.९ फेरे. हँडलमागे २० भोकांची तबकडी बसवा आणि खटका लावा, म्हणजे एक घर ०.०७५ मिमीचं. २.८५ मिमी म्हणजे ३८ घरं. पूर्ण जोडीची १६०, त्यातून ३८ गेली, उरली १२२. काप, ३८ घरं, काप, १२२ घरं, पुन्हा काप. बस, एवढंच पाठ करायचं. तुमचं पातं मात्र आधी टाकाऊ तुकड्यात कापून व्हर्नियरने मोजा. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. दात थोडे जरी डगमगले तरी चीर रुंद पडते.

समोरच्या फळीला सुरुवात अर्ध्या जोडीने, म्हणजे ८० घरांनी पुढे करायची. त्याहून सोपं म्हणजे पेटीच्या चारही बाजू एकाच गठ्ठ्यात बांधा आणि दोन फळ्यांच्या कडेला बरोबर ६ मिमीची पट्टी सारा. चारही बाजू एका फेरीत कापून होतात. गठ्ठ्याच्या मागे एक टाकाऊ फळी हवीच, नाहीतर पातं बाहेर पडताना शेवटच्या फळीच्या चिपा उडतात.

एक गोष्ट दादालाही माहीत होती, पण त्याने कधी बोलून दाखवली नाही. बाजारातला आट्यांचा रॉड थोडा वाकडा असतोच, आणि त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात गाडी किंचित पुढेमागे होते. पण जोडी जर पूर्ण फेऱ्यांची असेल, आपल्या उदाहरणात ८ ची, तर ही चूक प्रत्येक खाचेत त्याच ठिकाणी, तेवढीच येते. समोरची फळी ८० घरांनी म्हणजे पूर्ण ४ फेऱ्यांनीच सरकवलेली, म्हणून तिथेही तीच. चुका एकमेकींवर चढत नाहीत. म्हणून फिंगरची रुंदी ठरवताना अर्धी जोडी पूर्ण फेऱ्यांत बसेल अशीच निवडा.

साध्या पिनच्या जिगबद्दल बोलायचं तर तो वाईट नाही. लाकडी कुंपणातून एक पिन बाहेर काढायची आणि आधीची खाच तिच्यावर बसवून पुढची कापायची. सांधा घट्ट झाला तर पिन पात्याकडे सरकवा, सैल झाला तर लांब. एका छोट्या डब्यासाठी एवढं पुरे. पण पुढची प्रत्येक खाच मागच्या खाचेवर टेकलेली. पिनला भुशाचा एक कण चिकटला की पुढची सगळी रांग तेवढी सरकते, आणि रुंद फळीवर शेवटचे फिंगर घुसत नाहीत. स्क्रूवर एखादी खाच चुकली तर तेवढीच चुकते. कॅनडाच्या मॅथायस वँडेल यांनी याच तत्त्वावर लाकडी गिअर घालून स्क्रूचा जिग केला, म्हणजे घरं मोजायची कटकटच संपली. त्यांचा पँटोग्राफवर, म्हणजे नमुन्यावरची हालचाल हत्याराकडे पोचवणाऱ्या दांड्यांवर, चालणारा राउटरही (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र) प्रसिद्ध आहे. दोन्ही मुख्यतः लाकडाचीच आहेत, हे दादाला मी सांगितलंय.

पातं सपाट दातांचं घ्या. आलटून पालटून तिरप्या दातांचं पातं खाचेच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत टोकदार रेघा सोडतं, आणि त्या बाहेरून कायम दिसतात.

आता डव्हटेल. लोकांना डव्हटेल हवे असतात ते दिसण्यासाठी, आणि कारण मात्र मजबुतीचं सांगतात. हे मला पटत नाही. १५० मिमी रुंद, १८ मिमी जाड फळी घ्या. ६ मिमीच्या फिंगरमध्ये चिकटणारी तोंडं २४, प्रत्येक १८ गुणिले १८, म्हणजे सुमारे ७,८०० चौरस मिमी, आणि सगळी लाकडाच्या रेषेला रेष लागून. त्याच फळीवर चार शेपट्यांचा, म्हणजे चार तिरक्या दात्यांचा, डव्हटेल केलात तर तिरकी तोंडं आठ, जेमतेम २,६०० चौरस मिमी. आजच्या ग्लूला पृष्ठभाग हवा असतो, तो फिंगर जॉइंट तिप्पट देतो. घरगुती मशीनला जे सहज जमतं तेच तिच्याकडून करून घ्यावं. १८६७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅप यांनी ड्रॉवरच्या सांध्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी हाताच्या डव्हटेलची नक्कल केलीच नाही. गोल खुंट्या आणि अर्धगोल कड असा वेगळाच सांधा काढला, कारण फिरणाऱ्या हत्याराला गोल कापणं सोपं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या कितीतरी अमेरिकन ड्रॉवरांना तो आहे.

तरीही हवेच असतील, तर त्याच गाडीवर पातं तिरकं करून शेपट्या कापता येतात. मऊ लाकडाला उतार १:६, म्हणजे साधारण साडेनऊ अंश. कठीण लाकडाला १:८, म्हणजे सात अंशांच्या किंचित वर. सगळ्या डाव्या बाजू आधी कापा, मग फळी उलटी करून उजव्या. पिनांसाठी, म्हणजे समोरच्या फळीवरच्या, शेपट्यांच्या मधे बसणाऱ्या दात्यांसाठी, पातं सरळ आणि फळी तेवढ्याच कोनात तिरकी. तिरक्या पात्याचे सपाट दात तळाशी पायरी सोडतात, तेव्हा एक पातं त्याच कोनात धार लावून वेगळं ठेवा, किंवा तळ पटाशीने साफ करा. राउटरने करायचं तर डव्हटेल बिटचा काप एकाच खोलीत, एकाच दमात घ्यावा लागतो. थोडं थोडं खोल जाता येत नाही, आणि मध्येच राउटर वर उचलला तर बिट सांधा फाडूनच बाहेर येतं. आधी सरळ बिटने मधला माल काढून घ्या. आणि सुताराच्या हातच्या डव्हटेलमध्ये दिसतात तशा निमुळत्या पिना राउटरवर निघणार नाहीत, कारण बिटच्या मानेपेक्षा अरुंद खाच पडूच शकत नाही. दोन-चार ड्रॉवरच करायचे असतील तर करवत आणि पटाशी घेऊन बसा, मशीन जुळवण्याच्या वेळात होऊन जातील. अर्धझाकल्या (पुढून न दिसणाऱ्या) डव्हटेलला मात्र विकतचाच फणीचा जिग घ्या. तिथे १४ अंशांच्या बिटची खोली कमीजास्त करून फिट जमवतात. बिट खोल केलं की सांधा घट्ट, वर घेतलं की सैल.

दादाचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याची मोजमापाची हत्यारं ठेवायला मी याच मशीनवर ड्रॉवरची पेटी करून दिली. त्याने उघडण्याआधी खिशातून व्हर्नियर काढला आणि फिंगर एकेक करून मोजायला लागला. ५.९४, ५.९६, ५.९५, ५.९३. पूर्ण कड मोजली, मग दुसऱ्या टोकाची. ०.०३ च्या आतबाहेर सगळं. मी गप्प उभा. शेवटी म्हणाला, "पातं चांगलं आहे तुझं." मशीनबद्दल अवाक्षर नाही! पेटी तो रोज वापरतो. पण पातं गाडी सरकवत नाही, दादा. ३८ आणि १२२ घरं रॉड मोजतो, आणि रॉडला धरून ठेवते ती तू काढून ठेवलेली स्प्रिंग.

म्हणून माझा सल्ला असा की मशीन बनवा, आणि कोणी तपासायला आलं तर ते जसं चालतं तसंच, स्प्रिंगसकट मोजू द्या.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं टेबल सॉ ठीक असेल तर. पातं खोबणीला समांतर नसेल किंवा आर्बर (पातं बसवलेला दांडा) डुलत असेल तर वर कितीही चांगली गाडी बसवा, उपयोग नाही, आधी ते दुरुस्त करा. एम१० ऐवजी एम१६ घेतलात तर पिच २ मिमी, हिशोब सोपा होतो, पण घरं पुन्हा मोजावी लागतील. ओलसर लाकडावर ०.१ ची फट धरू नका, वाळताना मापं बदलतात. आणि या कामात पात्यावरचा गार्ड काढावा लागतो, स्लेड पुढे गेली की पातं मागच्या बाजूने उघडं बाहेर येतं. तिथे जाड लाकडाचा ठोकळा चिकटवून पातं त्याच्या आतच राहील असं करा, स्लेडला थांबा लावा, आणि हँडल फक्त स्लेड पूर्ण मागे आल्यावरच फिरवा.