वैमानिक व्हायचंय? आधी डोळे तपासून घे

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलंस, हे बरं केलंस. त्याशिवाय एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, हवाई दल शाखेचं दार उघडतच नाही. पण क्लासची फी भरण्याआधी सोलापुरातल्याच एखाद्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. रंगदृष्टीही तपासायला सांग. मग घरी टेप घेऊन मोज: उंची किमान 162.5 सेंटिमीटर, पायांची लांबी 99 ते 120. उंच पोरंही कॉकपिटच्या मापात बसत नाहीत म्हणून बाद होतात. पोरं हे शेवटी बघतात, तिथंच फसतात.

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा असते. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 ची. पेपर इंग्रजी-हिंदीतच, मराठीत नाही, त्यामुळे रोज इंग्रजी वाच. मुलाखतीचे गुणही लेखीइतकेच, 900.

आता नीट ऐक. वैमानिकांसाठीची संगणकावरची चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालास तर हवाई दलात वैमानिक व्हायचा रस्ता कायमचा बंद. जागरण करून, रात्रभर गाडीत ताटकळून तिथं जाऊ नकोस. एक दिवस आधी पोच.

एनडीए हुकलं तरी पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा, आहेच. आणि हो, हवाई दलाच्या प्रशिक्षणाची अकादमी हैदराबादजवळ दुंडिगलला, म्हणजे आपल्याला पुण्याहून थोडीशीच जास्त लांब. आईला तेवढं सांगून ठेव.