स्टार्च आणि लाळेची नळी उकळत्या पाण्यात ठेवली, तरी आयोडीनचा निळा रंग आला नाही. म्हणजे उकळल्यावर अमायलेज (लाळेतलं स्टार्च तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) जास्त जोरात काम करतं का?

नाही. उकळत्या पाण्यात अमायलेज निकामीच होतं. घोळ आयोडीनचा आहे. थेंब टाकलात तेव्हा नळी गरम होती ना? कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो. दरवर्षी एखादी बॅच हीच शंका घेऊन येते.

स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. तिच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसलं की निळा-काळा रंग दिसतो. द्रावण तापलं की वेटोळी सैल पडतात, आयोडीन निसटतं, रंग जातो. स्टार्च मात्र तिथेच असतो. तीच नळी नळाखाली धरून गार करा, निळा रंग परत येईल. (फार वेळ तापली असेल तर आयोडीन उडून जातं, मग ताजा थेंब टाका.) ३७ अंशाला, म्हणजे शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या नळीत स्टार्चचे तुकडे झालेले असतात, ती कितीही गार केली तरी निळी होत नाही.

गार केल्यावरही रंग फिकाच आला, तर लाळ कधी घातली ते आठवा. स्टार्चमध्ये आधी लाळ घालून मग नळी उकळत्या पाण्यात ठेवली, तर ती तापेपर्यंतच्या वेळात अमायलेज आपलं काम उरकून घेतं. म्हणून लाळ आधी वेगळी उकळायची, गार करायची आणि मगच स्टार्चमध्ये घालायची. आणि आयोडीन नळीत टाकूच नका. दर मिनिटाला ड्रॉपरने एक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये टाका. निळा, जांभळट, तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळट, असा रंग उतरताना दिसतो. तुमच्या पार्टनरच्या लाळेने काम लवकर उरकलं तर भांडू नका, लाळेतलं अमायलेज माणसागणिक कमी-जास्त असतं.

बर्फातल्या नळीची गोष्ट वेगळी. तिथे विकर मंदावतं, मरत नाही. नळी ३७ अंशावर आणली की पुन्हा कामाला लागतं. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) हा फरक हमखास विचारतात.

उकळणं तुमच्या बाकीच्या प्रयोगांतही आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात पान आधी उकळत्या पाण्यात बुडवतो, कारण त्याने पेशी मरतात, त्यांचं पटल (पेशीभोवतीचं पातळ आवरण) फाटतं आणि अल्कोहोल आत शिरून हरितद्रव्य बाहेर काढू शकतं. बटाट्याच्या परासरणमापीत (बटाट्याच्या खळग्यात साखरेचं पाणी भरून तो पाण्यात ठेवतात, तो प्रयोग) उकडलेला बटाटा घेतला तर साखरेच्या पाण्याची पातळी चढत नाही, तेही याच फाटलेल्या पटलामुळे.

आयोडीनवर विश्वास बसत नसेल तर आयोडीन न टाकलेल्या द्रावणावर बेनेडिक्ट चाचणी (साखर ओळखायची चाचणी) करा. ३७ अंशाच्या नळीतल्या द्रावणात माल्टोज (स्टार्च तुटून झालेली साखर) असतं, त्यामुळे गरम केल्यावर ते हिरवट ते विटकरी होईल. उकळलेल्या लाळेचं बेनेडिक्टच्या निळ्या रंगातच राहील, आणि इथे निळा म्हणजे साखर नाही, स्टार्चशी त्याचा संबंध नाही.