कायदा मोडला, कारणही चांगलं होतं, मग अजून टोचतंय काय?

"मॅडम, कारण चांगलं असेल तर कायदा मोडलेला चालतो का हो?" समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदा लिहायलाच हवं असं वाटलं. कुणी बापाच्या औषधासाठी ऑफिसचे पैसे उचललेले असतात, कुणी बहिणीला सासरहून सोडवायला खोटी तक्रार केलेली असते, आणि लॉकडाऊनमधे नाकी चुकवून गाव गाठलेले तर कितीतरी. त्यातल्याच एकांची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून.

वय पन्नाशीचं, मुंबईत नोकरी, गाव खेडच्या बाजूला. एप्रिल 2020 मधे आई शेवटच्या घटका मोजत होती, पासचा अर्ज केला तर उत्तरच नाही, शेवटी भाजीच्या टेम्पोत क्रेटच्या मागे बसून पोलादपूरपर्यंत आले आणि कशेडीचं चेकपोस्ट टाळायला रात्रीत घाट जंगलातून पायी उतरले. आई भेटली. दोन दिवसांनी गेली. माझ्याकडे आले ते तीन वर्षांनी, झोप उडालेली, गणपतीला गावी जाणं बंद, आणि बायको म्हणे हे सारखे मोबाईलवर कलम 188, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचं कलम, वाचत बसतात.

घरचे सगळे एकच सांगत होते, "अरे कुणाला काही झालं नाही ना, मग सोड की." आणि खरंच कुणाला काही झालं नव्हतं. पण या वाक्याने आजवर कुणाचं ओझं उतरलेलं मी बघितलेलं नाही. समोरच्याने टोचणी सांगितली की आपण घाईघाईने तिच्यावर पांघरूण घालतो, आणि ती नक्की कशाची आहे हे विचारायचंच राहून जातं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर कृपा करून हे वाक्य तेवढं टाळा.

दुसऱ्या भेटीत ते वाद घालायच्या तयारीने आले. "गांधीजींनी मीठ उचललं तो पण कायदाभंगच ना?"

मी म्हटलं, होय, आणि त्याच्याही आधी, 1922 साली, राजद्रोहाच्या खटल्यात अहमदाबादच्या कोर्टात त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं की मला कडक शिक्षा द्या, सहा वर्षांची झाली. लपून काहीच नव्हतं. आणि तुमचा टेम्पो महाडवरूनच आला ना? तिथे मार्च 1927 मधे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं तेव्हा तळं खुलं करायचा नगरपालिकेचा ठराव त्यांच्या बाजूने होता, आडवी आली ती रूढी. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला, हजारो माणसं जमलेली, तरी त्यांनी तो मोडला नाही, खटला लढवला आणि 1937 मधे हायकोर्टात जिंकला. एवढ्या मोठ्या माणसांनीही मोडायचं की नाही हे दर वेळी नव्याने ठरवलं, आपण एकदाच उत्तर मागतो.

माझा स्वतःचा कल सांगते. लॉरेन्स कोहलबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ लोकांना विचारायचा, बायको मरतेय आणि औषधवाला अव्वाच्या सव्वा पैसे मागतोय तर नवऱ्याने चोरी करावी का? त्याला उत्तरापेक्षा त्यामागचा विचार हवा असायचा. (हा माणूस तरुणपणी, 1947 मधे, ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून ज्यू निर्वासितांना पॅलेस्टाईनला नेणाऱ्या जहाजावर काम करत होता, म्हणजे प्रश्न त्याने नुसता कागदावर सोडवलेला नव्हता.) पण मला जास्त जवळची वाटते ती त्याच्याच बरोबर काम केलेली कॅरल गिलिगन. तिने दाखवलं की बऱ्याच जणांचा विचार नियमापासून नाही तर नात्यापासून सुरू होतो, यात कोण कोण गुंतलंय आणि कुणाला लागणार. माझा अनुभव असा की टोचणीचा पत्ता तिथेच सापडतो.

म्हणून मी त्यांना विचारलं, "कशेडीत पोलिसाने पकडलं असतं तर काय सांगितलं असतंत?"

"खरं तेच. आई चाललीय म्हणून. केस केली असती तर केली असती."

जराही अडखळले नाहीत. म्हणजे चेकपोस्टचं काही नव्हतंच! तीन वर्षं ज्या कलमाची ते भीती बाळगून होते त्याच्याबद्दल त्यांचं मन स्वच्छ होतं.

"आणि गावात काय सांगितलंत?"

बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. "पास आहे म्हटलं. सगळ्यांना शाळेत चौदा दिवस ठेवत होते, मी घरीच राहिलो. शेजारच्या काकीने दोन दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसवून जेवायला घातलं. तिचा नातू होता घरात, लहान... मॅडम, ती मला वाढत होती आणि मी खोटं बोलून जेवत होतो."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षात एवढं शिकलेय की अशा क्षणी समुपदेशकाने गप्प बसावं, आणि त्या दिवशी ते मला जमलं याचं मला समाधान आहे.

तुमच्याही मनात असं काही असेल तर "मी बरोबर की चूक" यावर रात्री घालवू नका. आपण ज्याच्यापासून लपवलं त्याचं नाव शोधा. सरकारपासून लपवलं असेल तर आधी वकिलाला भेटा, ते माझं काम नाही. पण माणसापासून लपवलं असेल, त्याच्या वाट्याचा धोका आपणच त्याच्या वतीने पत्करला असेल, तर कारण कितीही पवित्र असो ते त्या माणसाला पुरत नाही. आईला भेटायचा हक्क त्यांना होता असं मी आजही ठामपणे म्हणेन, काकीच्या नातवाची जोखीम घ्यायचा नव्हता.

पुढच्या गणपतीला ते गेले आणि काकीला सगळं सांगितलं. ती चिडली. तासभर बोललीच नाही. मग म्हणाली, "जेवण मी दिलंच असतं रे, पण अंगणात दिलं असतं. मला विचारायचंस तरी."

हे मला सांगताना ते रडले, आणि त्याच दिवशी, इतक्या भेटींनंतर पहिल्यांदा, आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलायला लागले.