दानपेटीत पैसे टाकले की 'गरजूंची मनापासून काळजी घ्या' हे चर्चचं सांगणं पाळलं असं होतं का?

पैसे टाका, ते लागतातच. पण 'मनापासून' म्हणजे काय, हे मला आमच्या चर्चच्या मदत समितीत बरीच वर्षं काढल्यावर थोडंफार कळलं. आधीची वर्षं नुसत्या वाटपात गेली. यादी, पिशव्या, सह्या.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय तुम्ही वाचला असेल. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला, असे सहा जण त्यात येतात. पहिल्या चौघांना काहीतरी द्यायचंय: अन्न, पाणी, आसरा, कपडे. आजाऱ्याला बरं करा किंवा कैद्याला सोडवून आणा असं मात्र तिथे म्हटलेलं नाही. त्यांच्याकडे जायचंय, बस्स. दानपेटी इथेच अपुरी पडते, कारण ती आपल्या वतीने कुणाकडे जाऊन बसू शकत नाही. आणखी एक गंमत म्हणजे 'तो भुकेला, तो आजारी मीच होतो' असं येशू सांगतो, तेव्हा ज्यांनी हे सगळं केलं तेच शेवटी विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' त्यांनी हिशेबच ठेवलेला नसतो. आम्ही तर वाटपाचे फोटोही काढायचो.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात हेच जरा खडसावून सांगितलंय: उघड्या, उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर उपयोग काय?

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायाने. प्रेषित म्हणजे येशूचे निवडक शिष्य. यरुशलेमेतल्या अगदी सुरुवातीच्या मंडळीत तक्रार आली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. म्हणजे पहिल्या पिढीतच वाटपात भेदभाव! प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती काम गेलं असावं, असं मला त्यावरून वाटतं. आमच्या समितीत मदत घेणाऱ्यांपैकी एकही जण नव्हता, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न असेलच की हे सगळं धर्मांतरासाठी तर नसतं? मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला या अशी अट घातली, तर माझ्या मते तो सौदा झाला. येशूच्या दाखल्यातला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परक्या वाटणाऱ्या समाजातला माणूस, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला काहीही न विचारता उचलतो, धर्मशाळेवाल्याला दोन दिनार देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. इसवी सन 362च्या सुमारास रोमन सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला होता, आपल्या एका पुजाऱ्याला चिडून लिहितो की हे 'गालीली' (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात. विरोधकानेच लिहिलंय, म्हणून मला ते जास्त पटतं.

आता माझीच एक फजिती सांगतो. एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही तीन हिवाळ्यांत तीन ब्लँकेटं दिली. तिसऱ्या वेळी खाटेखाली पाहिलं तर आधीची दोन प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा विचारलं, 'बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?' ते बराच वेळ गप्प राहिले, मग लाजत पाय पुढे केला. त्यांना वाकता येत नव्हतं, दिसतही कमी होतं, आणि पायाची नखं वाढून बोटांत रुतायला लागली होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आमच्याकडे दरवर्षी होतो, पण ते पाय घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात.

मी कोमट पाणी घेतलं, पाय भिजवले आणि नखं कापायला बसलो. अर्धा तास लागला. झाल्यावर त्यांनी बोटं हलवून पाहिली आणि म्हणाले, 'पुढच्या वेळी नेलकटर जरा धारेचं आणा.'